पिवळ्या दोऱ्याच्या कॉइली

आमच्या घरात आईशी कधी बोलायचं आणि कधी नाही, याचा एक नियम होता आणि तो चाळीतल्या लहान मुलांनाही ठाऊक होता. आई खिडकीखाली पाटावर बसलेली असली, तिच्या उजव्या हातात हातमशीनचा दांडा फिरत असला आणि ओठ हलत असले, तर दारातच उभं राहायचं. कितीही घाई असो. साखर मागायला आलेली बाई वाटी हातात धरून उभी राहायची. बाबा कामावरून आले तरी चप्पल काढून गप्प बसायचे. मग आई मशीन थांबवायची, डावीकडच्या ढिगातला एक चिंचोका उचलून उजवीकडे ठेवायची आणि मान वर करून म्हणायची, “हां, बोल.” म्हणजे शंभर फेरे झाले. पुढचे शंभर सुरू होण्याआधी जे काही विचारायचं ते विचारून घ्यायचं. मध्येच कोणी हाक मारली तर ती वर न बघता एवढंच म्हणायची, “शंभर होवंदे.”

ती कॉइली भरायची. मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमची चाळ होती, आणि खाली औद्योगिक वसाहतीत दारावरच्या घंटा बनवणारं एक छोटं वर्कशॉप होतं. बटण दाबलं की डिंग आणि सोडलं की डाँग, तसल्या घंटा. त्या घंटेच्या पोटात प्लास्टिकचं एक रीळ असतं, त्याला बॉबिन म्हणतात. त्यावर केसापेक्षा थोडी जाड तांब्याची तार शेकड्यांनी गुंडाळलेली असते. तारेतून वीज वाहिली की त्या गुंडाळीचं चुंबक होतं, आतली लोखंडी कांडी उडी मारते आणि पट्टीवर आपटते. फेरे कमी पडले तर कॉइल तापते, जास्त झाले तर घंटा मलूल वाजते. हे मला पुढे कॉलेजात शिकवलं गेलं. आईला ते तारेला बोट लावूनच कळत असावं. तिच्या मशीनवरचा आकडे दाखवणारा काटा माझ्या शाळेच्याही आधीपासून मोडलेला होता. वर्कशॉपने दुसरं मशीन देऊ केलं होतं, पण तिने घेतलं नाही. म्हणाली, त्याच्याकडे बघत बसले तर हात चुकतील. आमच्या स्वतःच्या दाराला मात्र घंटा नव्हती. दार उघडंच असायचं, वाजवणार कोण.

आमच्या भागातल्या आठ-दहा बाया हे काम घरी आणत. प्रत्येकीने आपला डझन आपल्या रंगाच्या दोऱ्याने बांधायचा, म्हणजे कोणाचं काम कोणतं ते कळे. आईचा दोरा पिवळा. वर्कशॉपमध्ये माल गेला की जाधव नावाचे सुपरवायझर एकेक कॉइल मीटरला लावून बघत. काटा नीट जागी आला तर इकडे, नाहीतर तिकडे. तिकडे गेलेल्या कॉइली पिशवीत भरून त्या-त्या बाईला परत. पण पिवळा दोरा दिसला की जाधव तो मीटरच्या टेबलावर ठेवतच नसत, सरळ जोडणीच्या टेबलावर सरकवून देत. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, हळूहळू झालं होतं. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. पण शनिवारी माल द्यायला जाताना ती धुतलेली साडी नेसायची, आणि एरवी पिशवी मला उचलायला लावणारी माझी आई त्या दिवशी ती स्वतः उचलायची. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागतो, आणि लागतो म्हणूनच हे प्रकरण लिहायला मी इतकी वर्षं घेतली.

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. आजोबा गिरणीत होते, बाबा घाटकोपरच्या एका ऑफिसात शिपाई. मी फिजिक्स घेतलं तेव्हा बाबांनी शब्द नीट पाठ करून घेतला, कारण ऑफिसात सांगायचा होता. कॉलेजात मी फार कमी बोलायचे. घरातलं मालवणी तोंडातून निसटेल याची भीती असायची, आणि दुसरी भीती याची, की कोणी विचारेल, आई काय करते. विचारलंच तर मी सांगायचे, “इलेक्ट्रिकलचं काम करते.” ते खोटं नव्हतं. पण मी ते ज्या घाईने सांगायचे, त्या घाईत काहीतरी खोटं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावा लागे. माझी जोडीदार होती डिंपल, मुलुंडमध्येच वाढलेली गुजराती मुलगी, तोंडाने फटकळ आणि मनाने साफ. आमचे पाटणकर सर एक दिवस लहानशी बाटली घेऊन आले. आत काळं, तेलकट पाणी. त्यांनी ते काचेच्या बशीत ओतलं आणि खालून चुंबक जवळ आणलं. बशीतलं पाणी शहारलं आणि त्याच्यावर काटे उभे राहिले. चुंबक दूर केलं, काटे बसले. डिंपल ओरडली, “आयला! जिवंत आहे काय हे?” सर हसले. म्हणाले, “नाही. तेलात लोखंडाच्या गंजासारखी अतिशय बारीक पूड आहे. प्रत्येक कणावर साबणासारखा थर दिलेला असतो, म्हणून कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि तळाला बसत नाहीत. पाण्यासारखं वाहतं, पण चुंबकाचं ऐकतं.”

आम्ही काय करायचं ते त्यांनी सांगितलं. वर एक उभी नळी, तिच्यात हे द्रव. खाली तिला जोडलेली एक बारीक काचेची नळी. ती बारीक नळी एका कॉइलच्या मधून जाईल आणि खाली चांगली चार बोटं बाहेर येईल. कॉइलमधून वीज सोडायची, थोडी-थोडी वाढवत न्यायची आणि प्रत्येक वेळी ठरावीक द्रव खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. “वाहताना प्रत्येक कणाला गिरकी घ्यायची असते,” सर म्हणाले. “चुंबकीय क्षेत्र म्हणतं, नाही, तू एकाच दिशेला तोंड करून चालायचंस. म्हणून द्रव घट्ट झाल्यासारखं वागतं. किती घट्ट होतं ते तुम्ही मला सांगा.” मला ते इतकं आवडलं की घरी येईपर्यंत मी तेच वाक्य मनात म्हणत होते.

लॅबमधली कॉइल दुसऱ्या गटाने घेतली होती. सर म्हणाले, बाहेरून भरून घ्यावी लागेल, छोटी, पण बाराशे फेऱ्यांची. मी काही बोलायच्या आत डिंपल म्हणाली, “हिची आई भरते ना कॉइल! सावंतकाका सांगत होते.” सावंतकाका आमच्या लॅबचे अटेंडंट. आमच्या चाळीच्या दोन गल्ल्या खाली राहायचे, आणि काकूही त्याच वर्कशॉपच्या कॉइली भरायच्या. माझे कान तापले. पण सरांचा चेहरा उजळला. “अरे वा,” ते म्हणाले, “मग प्रश्नच मिटला.”

आईला मी सांगितलं तेव्हा तिने कॉलेजचं नाव दोनदा विचारलं. जणू घंटेच्या कॉइलीपेक्षा ही मोठ्या घरची होती. मग तिने मला समोर बसवून सगळं विचारून घेतलं: किती थर, कुठली तार, मध्ये कागद घालायचा का. बारा थर, दर थराला शंभर. तिने बारा चिंचोके वेगळे काढले, धुतले आणि पुसून ठेवले. धुवायचं काही कारण नव्हतं. “ह्या कॉइलीचो आवाज कसो येता?” तिने विचारलं.

“हिला आवाज नाही गं. ही पाणी अडवते.”

“कॉइल पाणी अडवता? काय सांगतंस गो!”

म्हणून मी सरांना विचारून थोडं द्रव एका कुपीत घरी आणलं आणि तिला बशीत दाखवलं. काटे उभे राहिले तशी ती तोंडावर पदर धरून हसत सुटली. “फणस गो ह्यो! बारको फणस!” बाबांना उठवून दाखवलं, शेजारणीला बोलावून दाखवलं. शेजारीण म्हणाली, “तुझी लेक काळी जादू शिकली की काय कॉलेजात?” आई म्हणाली, “जादू नाय, फिजिक्स.” तो शब्द तिने अगदी बाबांसारखाच म्हटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कॉइल भरली. मी बघत होते. प्रत्येक थरानंतर कागदाची पट्टी गुंडाळून तिने तिच्यावरून अंगठा फिरवला. शेवटी तार कापून टोकं पिळली आणि बाजूच्या रिळावरचा पिवळा दोरा तोडून कॉइलला बांधला. सवयीने बांधला असेल. मी कॉलेजात जाताना तो काढून टाकला.

आता जे झालं ते सांगते. सरांनी दिलेली बारीक नळी एकच होती, लांब. ती मापाने कापायचं काम माझं होतं. काच कापताना आधी कानशीने ओरखडा काढायचा आणि मग दोन्ही अंगठे टेकून हलकेच वाकवायची. मला वाटलं जमेल. नळी ओरखड्यावर तुटायच्या ऐवजी भलतीकडेच तुटली. हातात राहिला तो तुकडा हवा होता त्याहून बराच आखूड. उरलेल्याचे तीन तुकडे फरशीवर. डिंपल म्हणाली, “सरांना सांग, दुसरी मागू.” मी नाही म्हटलं. दुसऱ्या गटातल्या मुलाने थर्मामीटर फोडला तेव्हा सर त्याला सगळ्यांसमोर बोलले होते. मला ते आठवत होतं. शिवाय मनात एक होतंच: अशा घरातून आलेल्या मुलीने काही फोडायचं नसतं. तसं कोणी मला सांगितलं नव्हतं. मीच स्वतःला सांगितलं होतं. मी तुकडे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले आणि आखूड नळीच जोडली. तिचं तोंड चार बोटं खाली यायच्या ऐवजी कॉइलच्या आतच, खालच्या कडेपाशी राहिलं. बाहेरून दिसतही नव्हतं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. वीज नाही तेव्हा थेंब भराभर पडत होते. थोडी वीज दिली, जरा सावकाश पडले. डिंपल घड्याळ धरायची, मी लिहायचे. मग वीज आणखी वाढवली आणि थेंब पडेनासे झाले. नळीच्या तोंडाशी काळा फुगा धरला, तो वाढला, कडेने वर चढला आणि तिथेच राहिला. वीज बंद केली की धपकन सगळं खाली. परत दिली की परत फुगा. चार दिवस आम्ही तेच बघत होतो. आलेख काढला तर रेघ थोडी चढत जायची आणि मग कागदाबाहेर.

पाचव्या दिवशी सर आले. आलेख बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “हे असं व्हायला नको. घट्ट होईल, पण थांबेल कसं? जोडणी सगळी मी सांगितल्यासारखी आहे ना? नळी?”

तिथे मला एक शब्द बोलायचा होता. नळी तुटली सर. एवढाच. डिंपल माझ्याकडे बघत होती. पलीकडे सावंतकाका बीकर पुसत होते. आणि मी म्हणाले, “नळी बरोबर आहे सर. कॉइल... ती घरी भरलेली आहे ना. आईने हाताने मोजून भरली आहे. मोजण्यात चुकली असेल. फेरे जास्त झाले असतील.”

इतक्या वर्षांनी मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिते आहे, कारण ते मला विसरता आलेलं नाही. ते बोलताना माझा आवाज कापला नाही, हेही लिहिते.

सर म्हणाले, “फेरे चुकले तर आकडे बदलतील, प्रवाह थांबायचा नाही. तरी एकदा मोजून आण.” सावंतकाकांचा हात थांबला होता. ते हळूच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, “वहिनी मोजण्यात चुकल्या?” आणि पुन्हा पुसायला लागले. बाहेर आल्यावर डिंपलने माझा दंड धरला. “आईवर का ढकललंस गं? वेडी आहेस का?” मी म्हटलं, “मग काय करणार होते?” ती म्हणाली, “काहीपण. माझ्यावर ढकलायचं ना यार. मी रोजच शिव्या खाते.”

मी आईला एवढंच सांगितलं की सरांना फेऱ्यांची खात्री करायची आहे. खरं म्हणजे हेही तिच्यावरच ढकलणं होतं, फक्त गोड आवाजात. रविवार होता. बाबांनी बांगडे आणले होते, साफ करून हळद-मीठ लावून ठेवले होते, कोकमं भिजत होती, नारळ खवून झाला होता. एरवी रविवारी अकरालाच आमच्याकडे तिखल्याच्या कालवणाचा वास सुटायचा. त्या दिवशी आईने मासे झाकून ठेवले आणि पाटावर बसली. कॉइल उलटी मशीनवर लावली. तारेचं टोक माझ्या हातात दिलं आणि रिकामं रीळ दिलं. “मी फिरवतंय, तू गुंडाळ. बोलू नको.”

ती एकेक फेरा उलगडत गेली. मी तार ओढून रिळावर घेत होते. तिचे ओठ हलत होते. शंभर झाले, एक चिंचोका. कागदाची पट्टी निघाली. पुन्हा शंभर. दर शंभराला ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. तेव्हा बोलायला परवानगी असते. अकरा वेळा ती थांबली. अकरा वेळा माझ्या तोंडाशी आलं आणि मी तारेकडे बघत राहिले. बाबा दाराशी बसले होते. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण त्यांनी वर्तमानपत्राचं पान एकदाही उलटलं नाही. शेवटचा थर सुटला, बॉबिन उघडं पडलं, आणि बारावा चिंचोका उजवीकडे गेला. एकही फेरा वर नाही, एकही खाली नाही.

मला वाटलं, आता ती म्हणेल, बघ. ती तसं म्हणाली नाही. मान खाली घालून रिकाम्या बॉबिनवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, “एखादो फेरो जास्त निघालो असतो तर बरा झाला असता. तुझा काम तरी सुटला असता.”

मग तिने ती सगळी तार पुन्हा भरली. बाराशे फेरे. बांगडे शिजायला दोन वाजले. चव नेहमीचीच असणार, तिचा हात तिथेही चुकत नसे. मी मात्र नुसते काटे वेचत बसले होते आणि ती म्हणत होती, “परीक्षेचो ताण घेतल्यान पोरीन.”

सरांना सोमवारी सांगायचं असं मी रात्रभर ठरवलं आणि सोमवारी फक्त एवढंच सांगितलं की फेरे बरोबर आहेत. सर म्हणाले, “मग शोध.” मी शोधायचं नाटक करत आठवडा काढला. त्या आठवड्यात सावंतकाकांनी ती गोष्ट घरी सांगितली असणार. वाईट मनाने नाही, नवल म्हणून. काकूंनी ती वर्कशॉपात माल देताना सांगितली असणार, तीही नवल म्हणूनच. मी कोणालाच दोष देऊ शकत नाही. शब्द माझा होता.

शनिवारी आई माल द्यायला निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. का गेले ते आठवत नाही. बहुधा तिच्याशी काहीतरी चांगलं वागावं असं वाटलं असेल. वर्कशॉपात नेहमीसारखी रांग होती. जाधवांनी पिवळ्या दोऱ्याचा डझन उचलला. हात जोडणीच्या टेबलाकडे गेला, तिथून परत आला, आणि त्यांनी दोरा सोडला. पहिली कॉइल मीटरला लावली. आईच्या पाठीवर माझं लक्ष होतं. ती पाठ जराही हलली नाही.

“तसं काही नाही वहिनी,” जाधव मीटरकडेच बघत म्हणाले. “म्हटलं, सगळ्यांचंच बघतोय तर...”

“तपासा की,” आई म्हणाली. “बघून घेतलेला बरा.”

मागे रांगेत दोन बायांनी एकमेकींकडे बघितलं. एकेक करून सगळे डझन सुटले. सगळे काटे जागेवर आले. एकही कॉइल तिकडे गेली नाही. पण आम्हाला तिथे खूप वेळ उभं राहावं लागलं, आणि तो सगळा वेळ आई सुटलेले पिवळे दोरे टेबलावरून गोळा करून बोटाला गुंडाळत होती. परत येताना चढावर ती मला म्हणाली, “तू सरांका सांगितलंस, मी मोजण्यात चुकलंय म्हणान?”

मी हो म्हटलं.

“होय?” एवढंच ती म्हणाली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी घ्यायला गेले तर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी नव्हे, त्या दिवशीच मी कॉलेजात गेले. सर निघायच्या तयारीत होते. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं: नळी तुटली, तुकडे टाकून दिले, कॉइलचा दोष नव्हता, मला माहीत होतं, पण थर्मामीटर फोडणाऱ्या मुलासारखं मलाही बोलाल म्हणून घाबरले. ते ओरडतील म्हणून मी तयार होते. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले, कागद घेतला, त्यावर कॉइलचं चित्र काढलं आणि तिच्या आत नळीचं तोंड दाखवलं. “म्हणजे थेंबाला क्षेत्राच्या आत जन्म घ्यावा लागत होता आणि बाहेर पडायचं तर जास्त ओढीकडून कमी ओढीकडे जायचं होतं. जाईल कसा? कॉइल त्याला मागे खेचते.” ते कागदाकडे बघत राहिले. “तुझी नळी चार बोटं बाहेर असती तर द्रव एका बाजूने जेवढं आत ओढलं जातं तेवढंच दुसऱ्या बाजूने मागे ओढलं जातं, हिशेब मिटतो, आणि उरतो तो फक्त घट्टपणा. चार दिवस तुझ्यासमोर उत्तर लटकत होतं, मुली.” मग त्यांनी मान वर केली. “मी त्या मुलाला थर्मामीटरसाठी बोललो नव्हतो. पारा हाताने गोळा केला म्हणून बोललो होतो.”

त्यांनी कपाटातून दुसरी नळी काढून दिली. तिथे तशा पाच-सहा होत्या.

नव्या नळीने आठवड्यात सगळं झालं. वीज वाढेल तसा वेळ हळूहळू वाढत गेला, रेघ शांतपणे चढली. सरांनी जुने आकडेही अहवालात घालायला लावले, आणि ते का आले हेही. डिंपलने त्या भागाला शीर्षक सुचवलं, “आमची वाट लागली तो प्रयोग.” ते सरांनी खोडलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तोच भाग सगळ्यांत आवडला. कौतुक झालं. मी ते खाली मान घालून ऐकलं; त्यांना वाटलं, मुलगी विनम्र आहे.

वर्कशॉपात जायला मात्र मला आणखी पंधरा दिवस लागले. सरांना सांगणं त्यामानाने सोपं होतं. मी जाधवांना गाठलं आणि सांगितलं की आई चुकली नव्हती, मी खोटं बोलले होते. ते मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही म्हणून मला दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगावं लागलं. जोडणीच्या टेबलावरच्या मुलींनी माना वर केल्या. जाधव भला माणूस. कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “पण आता असं आहे बघ. तिचा माल लावायला लागलो मीटरला. आता परत तसाच सोडला, तर बाकीच्या बाया म्हणणार, आमचाच का बघता? आधी कोणी विचारत नव्हतं. एकदा विचारलं की झालं.”

“मग आता?”

“आता काय. बरोबरच असतं तिचं. दोन मिनिटं जास्त लागतात, एवढंच.”

घरी येऊन मी आईला सांगितलं की वर्कशॉपात जाऊन खरं काय ते सांगून आले. मला वाटत होतं, तिला बरं वाटेल. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. “कोणाकोणासमोर सांगितलंस?”

“सगळेच होते तिथे.”

तिने सूप खाली ठेवलं. मला ती तेव्हा पहिल्यांदा रागावलेली दिसली, आणि तरी आवाज चढला नव्हता. “आता आख्खो डोंगर म्हणतलो, हिची पोरगी खोटा बोलता. कशाक गेलंस तू? माझ्या कॉइली मीटरावर लावतत, लावू देत. बरोबरच येतत. तुझा बोलणा मी खंयच्या मीटरावर लावू?”

तिला माझ्याकडून उत्तर हवं होतं. खरोखरच हवं होतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

पुढे मी शिकत गेले, दुसऱ्या कॉलेजात गेले, मग नोकरीसाठी मुलाखती दिल्या. आईने कधी तो विषय काढला नाही. माझ्यासाठी मागे ठेवायचा तो बांगड्याचा तुकडा ठेवायची, आजारी पडले तर उशाशी बसायची. पण एवढं झालं, की मी तिला काही सांगितलं की “होय?” म्हणायच्या आधी ती जराशी थांबायची. उशिरा येईन म्हटलं तरी, पोट दुखतंय म्हटलं तरी. तिला स्वतःला ते कळत नसावं.

बोरिवलीच्या ज्या कॉलेजात मी आज शिकवते, तिथून मला नेमणुकीचं पत्र मिळालं तो दिवस. मी चढाव धावतच चढले. बाबा दारातच उठून उभे राहिले आणि रडायला लागले. शेजारीण साखर घेऊन आली. मी आत जाऊन आईला सांगितलं, “आई, मला नोकरी लागली. फिजिक्स शिकवायची.” तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही हात माझ्या गालांपर्यंत आणले, आणि तिथेच थांबली. मग म्हणाली, “पत्र दाखव बघू.”

तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी पर्समधून पत्र काढून तिच्या हातात दिलं.